लिंबू, गलबतं आणि तपकिरी बाटली : व्हिटॅमिन सी सीरमची गोष्ट

आजचा एपिसोड एका कबुलीपासून सुरू करतो. वर्क फ्रॉम होमच्या काळात दिवसभर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात स्वतःचाच चेहरा बघून बघून मी कंटाळलो आणि एका ऑनलाइन सेलमध्ये आयुष्यातलं पहिलं व्हिटॅमिन सी सीरम मागवलं. बाटली आली तेव्हा आतलं पाणी जवळपास पारदर्शक होतं. ती मी बाथरूममध्ये गीझरच्या शेजारच्या फळीवर ठेवली. वर छोटी खिडकी, त्यातून दुपारी छान ऊन यायचं. दीड महिन्यात त्या पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. मी तरीही लावत राहिलो, कारण सातशे रुपये गेले होते ना! शेवटी रूममेट म्हणाला, "अरे, तोंडाला चहा लावतोयस का रोज?"

मग मी गुगल करायला बसलो, की हे रंग का बदलतं. आणि नेहमीप्रमाणे एका टॅबमधून दुसऱ्या टॅबमध्ये जात जात रात्री दोन वाजता मी १७४७ सालच्या एका ब्रिटिश युद्धनौकेवर जाऊन पोचलो. तर आजचा एपिसोड त्या रात्रीचा आहे. स्किनकेअरचा कमी, इतिहासाचा जास्त.

सुरुवात आपल्या घराजवळून करू. कारवारच्या समोर समुद्रात अंजदीव नावाचं एक छोटं बेट आहे, आज ते गोव्यात मोडतं. ५ ऑक्टोबर १४९८ ला वास्को द गामाची गलबतं इथून परतीच्या प्रवासाला निघाली. वारा उलटा. येताना जो अरबी समुद्र त्यांनी तीन-साडेतीन आठवड्यांत पार केला, तोच जाताना पार करायला जवळजवळ तीन महिने लागले. गलबतावर ताजं खाणं काहीच उरलं नाही. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, आणि या एकाच टप्प्यात तीसेक माणसं गेली. जानेवारीत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला पोचल्यावर गामाने पहिल्यांदा माणूस पाठवला तो संत्री आणायला. आजारी खलाशी संत्र्यांसाठी आसुसलेले होते, असं त्या प्रवासाच्या रोजनिशीत आहे. म्हणजे इलाज काय ते त्या लोकांना ढोबळमानाने माहीत होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची चारशे वर्षं माणसं हा इलाज पुन:पुन्हा विसरणार आहेत.

हा रोग म्हणजे स्कर्व्ही. शाळेत आपण "क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, दोन गुण" एवढंच पाठ केलं. पण त्यात शरीराचं होतं काय, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. १७४० ते १७४४ मध्ये जॉर्ज ॲन्सन नावाचा ब्रिटिश कमोडोर पृथ्वीप्रदक्षिणेला गेला होता. त्याची बहुतेक माणसं वाटेतच मेली आणि त्यातली बरीचशी स्कर्व्हीने. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या खलाशाची नोंद आहे. पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखम केव्हाच भरली होती. स्कर्व्ही झाल्यावर ती जखम पुन्हा उघडली. पन्नास वर्षांनी! जणू कधी भरलीच नव्हती.

ती नोंद वाचून मी लॅपटॉप बंद करून पाणी प्यायला उठलो होतो.

असं का होतं? आपली त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या, जखमेचा व्रण, हे सगळं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने बांधलेलं असतं. कोलॅजेन म्हणजे तीन पदरांचा पीळ दिलेला दोर समजा. त्या पदरांवर ठरावीक जागी छोट्या रासायनिक गाठी मारल्या की पीळ टिकतो, नाहीतर सुटतो. गाठी मारायचं काम एन्झाइम करतात, आणि त्या एन्झाइममधलं लोह कामाच्या अवस्थेत ठेवायला व्हिटॅमिन सी लागतं. व्रणातलं कोलॅजेन एकदा बनलं की कायमचं नसतं, ते सतत झिजत आणि नव्याने विणलं जात असतं. सी संपलं की झीज चालू राहते आणि विणणं थांबतं. म्हणून पन्नास वर्षांची जखम उसवते.

आणि गंमत बघा, बहुतेक प्राणी सी स्वतःच बनवतात. बकरी, कुत्रा, उंदीर, सगळे. माणसातही त्यासाठीचा जनुक आहे, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या माकडवर्गी पूर्वजांमध्ये तो बिघडला. कोड रिपॉझिटरीत पडून आहे, चालत मात्र नाही. फळं भरपूर मिळत होती तोवर कुणाला बग सापडला नाही. लांब पल्ल्याची गलबतं आली आणि प्रॉडक्शन कोसळलं.

आता १७४७. जहाज 'सॅलिसबरी', सर्जन जेम्स लिंड. २० मे रोजी त्याने स्कर्व्हीचे १२ रुग्ण निवडले, सगळे शक्य तितके सारख्या अवस्थेतले. एकाच जागी झोपवले, जेवण एकच दिलं आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सफरचंदाची सायडर, दुसरीला पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड (हो, खरंच), तिसरीला व्हिनेगर, चौथीला चक्क समुद्राचं पाणी, पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू, सहावीला लसूण-मोहरी वगैरे वाटून केलेली गोळी. फळं सहा दिवसांतच संपली. पण तोपर्यंत फळं खाणाऱ्यांतला एक कामावर रुजू व्हायच्या लायकीचा झाला होता आणि दुसरा बाकीच्यांची शुश्रूषा करत होता. ए-बी टेस्टिंगचा हा खापरपणजोबा. नमुना १२ जणांचा, पण प्रयोगाची मांडणी आज आपण बघतो त्या निम्म्या जाहिरातींपेक्षा प्रामाणिक.

आणि मग लिंडने स्वतःच माती खाल्ली. १७५३ साली त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात हा प्रयोग जेमतेम काही परिच्छेदांत. शिवाय फळं जहाजावर टिकत नाहीत म्हणून उपाय सुचवला की रस मंद आचेवर आटवून घट्ट अर्क करा आणि बाटलीत भरा. आटवताना सी नष्ट होतं. बाटलीवर नाव लिंबाचंच, चव आंबटच, आत औषध जवळपास नाही. माझ्या गीझरशेजारच्या बाटलीचं काय झालं ते मला इथे कळलं. मी लिंडची चूक पावणेतीनशे वर्षांनी हिंजवडीत करत होतो.

लिंड १७९४ साली गेला. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सक्तीने द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये. स्कर्व्ही झपाट्याने हटला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण १८६० नंतर नौदलाने भूमध्य समुद्राकडचे पिवळे लेमन सोडून वेस्ट इंडीजमधल्या स्वतःच्या वसाहतींतले हिरवे लाइम घ्यायला सुरुवात केली. दोन्हींना लोक एकच समजत. आपल्याकडे तर अजूनही दोन्ही लिंबूच. (भाजीवाल्याकडे मिळतं ते आपलं कागदी लिंबू खरं तर लाइम आहे.) त्यात तो रस तांब्याच्या नळ्यांतून जायचा, हवेत उघडा राहायचा. तांबं आणि हवा, दोन्ही सीचे शत्रू. तरी बराच काळ कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तोवर वाफेची जहाजं आली होती, प्रवास छोटे झाले होते. रस निकामी होता आणि कुणी तपासत नव्हतं. १८७५-७६ च्या ब्रिटिश आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उसळला, तेव्हा डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की लिंबाची थिअरीच चुकीची असावी! मग डबाबंद मांस सडल्याने हा रोग होतो वगैरे नवीन सिद्धांत आले. इंटरफेस तोच ठेवून आतली इम्प्लिमेंटेशन बदलायची आणि टेस्ट चालवायचीच नाही, हे सॉफ्टवेअरमध्येच होतं असं मला वाटायचं.

याची किंमत कुणी दिली? इथे गोष्ट पुन्हा आपल्याकडे येते. पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कूत या गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली फौज होती सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा, अशा आपल्या पलटणी होत्या. रेशन कमी कमी होत गेलं. ब्रिटिश सैनिक घोड्याचं ताजं मांस खायला लागले, त्यातून थोडं तरी सी मिळत होतं, त्यामुळे त्यांना त्रास झाला तो मुख्यतः बेरीबेरीचा. भारतीय सैनिकांपैकी बहुतेकांनी धर्म आणि रिवाजापोटी शेवटच्या काळापर्यंत घोड्याचं मांस घेतलं नाही. त्यांच्याकडे पीठ होतं, ताजी भाजी नव्हती. त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. लिंडनंतर जवळपास १७० वर्षांनी, सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडून गेलेल्या पोरांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. त्यानंतरच्या कैदेत काय झालं तो वेगळा आणि फार वाईट एपिसोड आहे.

याच काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि तिच्या सहकारी स्त्रिया गिनीपिगवर प्रयोग करत होत्या. (गिनीपिगच का? कारण आपल्यासारखाच तोही सी बनवू शकत नाही. नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रॉलिश यांना १९०७ साली हे योगायोगानेच सापडलं होतं.) या टीमने दोन गोष्टी दाखवल्या. एक, ताज्या लाइमच्या रसात लेमनच्या साधारण पाव पट ताकद असते आणि साठवलेला लाइमचा रस जवळपास निरुपयोगी असतो. दुसरी गोष्ट ऐकून माझी आई खूश झाली : कोरड्या डाळी-कडधान्यांत स्कर्व्ही रोखण्याची ताकद जवळजवळ नसते, पण तीच भिजवून मोड आणले की येते. सैन्यासाठी हा उपाय सुचवला गेला. म्हणजे आपली मोड आलेली मटकी! तेही फार न शिजवता. आई म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगत होते इतकी वर्षं?"

इतकं सगळं होऊनही 'सी' म्हणजे नेमका कोणता पदार्थ, ते कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ते काम झालं हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गीकडून. १९२८ मध्ये त्याने प्राण्यांच्या ॲड्रिनल ग्रंथींतून एक साखरेसारखा पदार्थ वेगळा केला. हे काय आहे ते त्यालाही माहीत नव्हतं, म्हणून त्याने नाव सुचवलं 'इग्नोज', म्हणजे अज्ञान अधिक साखर. संपादक वैतागले. मग त्याने 'गॉडनोज' सुचवलं. तेही फेटाळलं गेलं. ग्रंथींतून पदार्थ चिमूटभर मिळायचा. पुढे तो हंगेरीतल्या सेगेड या गावी गेला, जे पाप्रिका मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. त्याने स्वतः सांगितलेला किस्सा असा की एका संध्याकाळी बायकोने जेवणात ताजी पाप्रिका वाढली, त्याला खायची नव्हती, पण बायकोला तसं सांगायची हिंमतही नव्हती, म्हणून "हिच्यावर प्रयोग करायचा राहिलाय" म्हणत तो ती लॅबमध्ये घेऊन गेला. मध्यरात्रीपर्यंत कळलं की मिरची सीने ठासून भरलेली आहे. मग किलोच्या हिशेबात पदार्थ मिळायला लागला. इंग्लंडमध्ये हॉवर्थने त्याची रचना शोधली, नाव ठरलं ॲस्कॉर्बिक ॲसिड, स्कर्व्ही-विरोधी आम्ल. १९३७ साली दोघांना नोबेल, एकाला वैद्यकातलं, एकाला रसायनातलं.

१९३३ मध्ये राइशस्टाइनने ग्लुकोजपासून सी बनवायची पद्धत शोधली, मधल्या एका पायरीत बॅक्टेरियाची मदत घेऊन. पुढच्याच वर्षी रोश कंपनीने ते बाजारात आणलं. तुमच्या सीरमच्या बाटलीवर रसरशीत संत्र्याचा फोटो असेल, पण आतलं ॲस्कॉर्बिक ॲसिड बहुधा संत्र्यातून आलेलं नसतं. ते स्टार्चच्या साखरेपासून कारखान्यात तयार होतं, आणि आज जगात बहुतेक चीनमध्ये. यात वाईट काही नाही, रेणू तोच. पण फोटो कशाला मग?

आता त्वचेकडे वळतो. १९३९ च्या सुमाराला जॉन क्रँडन नावाच्या अमेरिकन सर्जनने स्वतःवर प्रयोग केला. सहा महिने सी-विरहित जेवण. तिसऱ्या महिन्यात पाठीवर मुद्दाम छेद दिला, तो नीट भरला. सहाव्या महिन्यानंतर दिलेला छेद भरेना. सीची इंजेक्शनं घेतल्यावर भरला. ॲन्सनच्या खलाशाची गोष्ट आता प्रयोगशाळेत सिद्ध झाली.

इथून सीरमपर्यंतचा रस्ता जातो अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल या त्वचारोगतज्ज्ञाच्या दारातून. १९७२ साली त्याने आणि सहकाऱ्यांनी एक आनुवंशिक आजार नोंदवला होता, ज्यात कोलॅजेनवरच्या त्या गाठींपैकी एक प्रकार नीट मारला जात नाही. तिथून तो सीकडे आला. १९८१ मध्ये त्याच्या गटाने दाखवलं की माणसाच्या त्वचेच्या पेशींना सी दिलं की त्या कोलॅजेन जास्त बनवतात. मग प्रश्न आला, की चोळून लावलं तर आत जाईल का?

जात नाही सहजासहजी. त्वचेचा वरचा थर पाण्यातल्या विद्युतभारित रेणूंना आत सोडत नाही, आणि तटस्थ पीएचच्या पाण्यात ॲस्कॉर्बिक ॲसिड भारित असतं. पीएच ३.५ पर्यंत खाली आणलं तर सहापैकी पाच रेणू भाररहित होतात, आणि मग आत शिरतात. पीएच पाचवर ठेवलात तर सातात एखादाच. म्हणून खरं सीरम लावल्यावर थोडं चुणचुणतं. २००१ च्या पिनेलच्या पेपरमध्ये, डुकराच्या त्वचेवरच्या प्रयोगात, पीएच ३.५ च्या खाली हवा, प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे नेऊन फायदा नाही, तीन दिवस रोज लावल्यावर त्वचा भरते आणि एकदा आत गेलेलं निम्मं व्हायला चारेक दिवस लागतात, असं निघालं. म्हणजे एक दिवस लावायचं राहिलं तर जीव जात नाही. त्याच पेपरमध्ये काही टिकाऊ चुलतभाऊही तपासले होते, उदाहरणार्थ मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट. त्यांनी त्वचेतलं खरं सी वाढलं नाही. आजही अनेक बाटल्यांवर पुढे मोठ्या अक्षरात 'व्हिटॅमिन सी' असतं आणि मागे बारीक अक्षरात हे चुलतभाऊ. लेमन-लाइमचा किस्सा आठवला का? मागची बारीक अक्षरं वाचा एवढंच म्हणतो. नाजूक त्वचेला चुलतभाऊ सौम्य पडतात हेही खरं, पण आपण काय विकत घेतोय ते माहीत असावं.

२००५ मध्ये त्याच गटाने १५ टक्के सी, १ टक्का व्हिटॅमिन ई आणि अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड एकत्र केलं. मिश्रण जास्त टिकलं आणि उन्हापासूनचं संरक्षण साधारण दुप्पट झालं. महागड्या सीरमांचा हा मूळ फॉर्म्युला. आता माझं मत. पिनेल मोठा माणूस, पण याच संशोधनावर उभी राहिलेली कंपनीही त्याचीच होती, आणि बरेचसे गाजलेले आकडे डुकराच्या त्वचेवरचे आहेत. माणसांवरचे प्रयोग आहेत, पण लहान. २००३ च्या एकात पाच टक्क्यांची क्रीम सहा महिने गळ्याखाली आणि हातांवर लावली आणि नुसत्या क्रीमशी तुलना केली. उन्हाने सुरकुतलेल्या त्वचेत फरक दिसला. सहा महिने हां! 'सात दिवसांत ग्लो' नाही. आणि 'ग्लो' या शब्दावर आपल्याकडे मी जरा सावधच असतो. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं नाव ग्लो अँड लव्हली झालं, तेव्हा आधीचा शब्द कुठे राहायला गेला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सी डाग थोडे फिके करू शकतं. तुमचा जन्मजात रंग हा डाग नाही.

दोन कामाच्या गोष्टी, कारण मेसेजमध्ये हेच विचारता. "सरळ लिंबूच चोळलं तर?" नको. लिंबाच्या रसात सी १०० ग्रॅमला ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्क्यांच्या आतच. दहा टक्क्यांचं सीरम त्याच्या दोनशे पट. वर लिंबाच्या सालीत असे पदार्थ असतात की ते लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. लिंबू वरणावर पिळा. आणि दुसरं, सकाळी सीरम लावलंत तरी वरून सनस्क्रीन हवंच, सीरम त्याची जागा घेत नाही.

सध्याची माझी बाटली गडद काचेची आहे, छोटी, पंधरा मिलीची. उघडल्याची तारीख मार्करने लिहून फ्रिजच्या दारात ठेवली आहे, आईच्या लिंबाच्या लोणच्याशेजारी. परवा आईने ती उचलून उन्हात धरली आणि विचारलं, "हे पिवळं व्हायला लागलंय रे, चालतंय का अजून?" तारीख बघितली, अडीच महिने झाले होते. टाकून दिली. यावेळी सातशे रुपयांचा हिशेब केला नाही.

पुढच्या एपिसोडला सनस्क्रीनचा इतिहास. तोवर मटकी भिजत घाला.